लघवी धरवत नाही: वाचक मैत्रिणींच्या पत्रांना उत्तरे

पाळी जाण्याच्या काळाविषयी मागे या सदरात लिहिताना लघवी सुटण्याचा उल्लेख मी एका वाक्यात केला होता. त्या एका वाक्यावर जितकी पत्रे आली तितकी उरलेल्या संपूर्ण मजकुरावर आली नाहीत. बहुतेक पत्रांवर नाव नाही, आणि ‘हे कोणाला सांगावे कळत नाही’ अशा अर्थाचे एखादे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. म्हणून या वेळचे सदर याच एका तक्रारीला दिले आहे. पत्रे थोडक्यात घेतली आहेत आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न: माझे वय ३८ आहे, मी शाळेत शिकवते. दुसऱ्या बाळंतपणानंतर, म्हणजे गेली सहा वर्षे, शिंक आली, खोकला आला किंवा जोरात हसले की थोडी लघवी सुटते. शाळेच्या दिवशी सकाळपासून मी पाणीच पीत नाही. सासूबाई म्हणतात, मुले झाली की सगळ्यांनाच असे होते. हे खरे आहे का?

उत्तर: पुष्कळ जणींना असे होते, एवढा सासूबाईंच्या म्हणण्याचा भाग खरा आहे. मात्र पुष्कळ जणींना होते म्हणून ते सोसायचे असते, हे खरे नाही. त्यांच्या पिढीला यावर उपाय आहे हे कोणी सांगितलेच नसावे.

आपल्या ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत, झोळीसारखा ताणलेला स्नायूंचा एक पट असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या तिन्हींना तो खालून आधार देतो आणि मूत्रमार्ग मिटून ठेवण्यास मदत करतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटर लांबीचा असल्यामुळे या आधारावर बरेच काही अवलंबून असते. बाळंतपणात, विशेषतः बाळ मोठे असेल, कळा फार वेळ चालल्या असतील किंवा चिमटा लावावा लागला असेल, तर हा पट आणि त्याच्या नसा ताणल्या जातात. मग खोकल्याने पोटातला दाब एकदम वाढला की तो आधार क्षणभर कमी पडतो आणि थेंब निसटतात. मूत्राशय स्वतः निरोगीच असते. लघवीची घाई आधी जाणवत नाही, दाब पडतो त्याच क्षणी लघवी सुटते, आणि हीच या प्रकाराची ओळख आहे. सिझेरियनने हा धोका कमी होतो, पण पूर्ण टळत नाही, कारण गर्भारपणाचा भारही याच स्नायूंवर असतो.

यावरचा पहिला उपाय म्हणजे याच स्नायूंचा व्यायाम. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये त्याविषयी लिहिले, म्हणून त्याला केगल व्यायाम म्हणतात. ज्यांनी योगासनांच्या वर्गात मूलबंध शिकला आहे, त्यांना ही हालचाल फार अनोळखी वाटणार नाही. चारचौघांत वायू सरू नये म्हणून आपण ज्या रीतीने मागचा भाग आत ओढून धरतो, तसेच मागून पुढे, योनिमार्ग आणि मूत्रमार्गासह, सगळे आत आणि वर उचलायचे. त्या वेळी पोट, मांड्या आणि नितंब सैल हवेत, आणि श्वास चालू हवा. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरता आले तरी पुरे. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जावे. जितका वेळ आवळून धरले तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावे, कारण सैल सोडणे हाही व्यायामाचाच भाग आहे. असे एका वेळी आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि किमान तीन महिने करावे. पंधरा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून सोडून देणाऱ्या अनेक जणी मला भेटतात. स्नायूंना बळकटी येण्यास तेवढा काळ लागतोच.

लघवी करताना मध्येच धार थांबवण्याचा सराव मात्र करू नये. स्नायू ओळखण्यासाठी एकदा करून पाहिले तर ठीक, पण रोज तसे केल्याने मूत्राशय नीट रिकामे होत नाही. दुसरी चूक अधिक मोठी आहे. आत उचलण्याऐवजी अनेक जणी नकळत खाली जोर देतात, आणि त्यामुळे त्रास वाढतो. म्हणून एकदा तरी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा या विषयाचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून आपण योग्य स्नायू आवळतो आहोत ना, हे तपासून घ्यावे. स्नायू थोडे जागे झाले की शिंक येणार असे वाटताच आधी आवळून घेण्याची सवय लावावी. वर्गात खोकला दाबून धरण्यापेक्षा ही सवय आपल्याला कितीतरी अधिक उपयोगी पडेल. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्के कमी झाल्यानेही लघवी सुटणे लक्षणीय कमी होते. जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठ यांवर उपचार करावेत, कारण दोन्हींत रोज या पटावर जोर पडतो. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल या गटातील गोळी चालू असेल आणि कोरडा खोकला त्यानंतर सुरू झाला असेल, तर तसे डॉक्टरांना सांगावे. गोळी बदलता येते.

पाणी बंद करण्याविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. कमी पाण्यामुळे लघवी गडद होते आणि मूत्राशयाला चुरचुरते, शौचास कडक होते आणि जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. दिवसभरात साधारण दीड ते दोन लिटर पाणी, एकदम न पिता विभागून प्यावे, उन्हाळ्यात अधिक. आपण पाणी का पीत नाही याचे कारण केवळ लघवी सुटणे हेच नसेल, शाळेतले स्वच्छतागृह हेही असेल, याची मला कल्पना आहे. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ या चळवळीतील स्त्रियांनी हीच गोष्ट महापालिकेपुढे मांडली, की पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, तेही स्वच्छतागृह असलेच तर. ज्या स्त्रीला दिवसभर लघवी तुंबवून ठेवावी लागते, तिला मी केवळ व्यायाम सांगून मोकळी झाले तर ते अर्धेच उत्तर होईल. शाळेत दोन तासिकांच्या मधे जाता येईल अशी सोय मागून घेणे हा आपल्या उपचाराचा भाग समजा.

प्रश्न: वय ५६, पाळी जाऊन सहा वर्षे झाली. खोकल्याने काही होत नाही, पण लघवी लागली की क्षणभरही दम निघत नाही. बाजारातून येऊन कुलपात किल्ली घालते आणि तिथेच होऊन जाते. रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. मैत्रिणीने केगल व्यायाम सांगितला, तो पुरेसा आहे का?

उत्तर: आपला प्रकार वेगळा आहे, म्हणून उपचाराची वाटही थोडी वेगळी आहे. मूत्राशयात साधारण दीडशे ते दोनशे मिलिलिटर लघवी साठली की पहिली जाणीव होते, आणि चारशे-पाचशेपर्यंत ते शांतपणे भरत राहते. आपले मूत्राशय मात्र भरण्याच्या आधीच, मेंदूची परवानगी न घेता आकसते. कुलूप, घराचे दार, नळाचे वाहते पाणी अशा खुणांनी ते चाळवते, आणि दाराशी होणारा हा प्रसंग इतक्या जणींनी सांगितला आहे की तो केवळ आपल्यालाच होतो, असे मुळीच समजू नये. काही जणींमध्ये खोकल्याचा आणि घाईचा, असे दोन्ही प्रकार एकत्र असतात. तेव्हा ज्याचा जाच अधिक, त्यापासून सुरुवात करतात.

औषधापूर्वी तीन दिवसांची नोंद करावी. वहीत वेळ लिहून किती पाणी, किती चहा घेतला, लघवी केव्हा झाली, किती झाली आणि केव्हा सुटली, हे टिपावे. मोजण्यासाठी एखादे जुने मापाचे भांडे वेगळे ठेवावे. ही वही पाहिल्याशिवाय मी सहसा औषध लिहीत नाही, कारण निम्मे निदान तिच्यातच असते. दिवसाला पाच-सहा कप चहा असेल तर कारण तिथेच दिसते. चहा-कॉफीतील कॅफीन मूत्राशयाला चाळवते. चहा एकदम तोडला तर डोके दुखते, म्हणून दोन-तीन दिवसांनी एकेक कप कमी करावा आणि सायंकाळनंतरचा पूर्ण बंद करावा.

मधुमेहात साखर ताब्यात नसेल तर ती लघवीतून जाताना पाणीही ओढून नेते. शिवाय डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचे कामच लघवीवाटे साखर बाहेर काढण्याचे असल्याने लघवीचे प्रमाण वाढते. यांपैकी एखादी चालू असेल तर आपणहून बंद करू नका, कारण हृदय आणि मूत्रपिंडासाठी त्या मोलाच्या आहेत. पण डॉक्टरांना हा त्रास जरूर सांगा. सायंकाळी पायांवर सूज येत असेल तर रात्री आडवे झाल्यावर तेच पाणी रक्तात परतते आणि लघवी होऊन बाहेर पडते. अशा वेळी दुपारनंतर तासभर पाय उंच ठेवून पडल्याने रात्रीचे उठणे कमी होऊ शकते.

मूत्राशयाला वळण लावणे हा आपला मुख्य उपचार. सध्या तासाभराने जावे लागत असेल तर आठवडाभर घड्याळ लावून तासानेच जावे, मग दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी अंतर वाढवत तीन तासांपर्यंत न्यावे. यास निदान सहा आठवडे द्यावे लागतात. मध्येच जोराची लघवी लागली तर धावू नये. आहे तिथे थांबावे, शक्य असल्यास बसावे, तळाचे स्नायू पाच-सहा वेळा झटझट आवळावेत, दीर्घ श्वास घ्यावा आणि ती लाट ओसरू द्यावी. मग सावकाश चालत जावे. धावण्याने दाब वाढतो आणि मूत्राशय अधिकच आकसते. मैत्रिणीने सांगितलेला व्यायाम इथे अशा रीतीने उपयोगी पडतो, तो वाया जाणार नाही.

एवढ्याने भागले नाही तर गोळ्या आहेत. सॉलिफेनासिन, टोल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन यांनी मूत्राशय शांत होते, पण तोंड कोरडे पडणे आणि बद्धकोष्ठ होणे हे त्रास त्यांच्यासोबत येतात, आणि काचबिंदूच्या काही प्रकारांत त्या चालत नाहीत. मिराबेग्रॉन ही वेगळ्या गटातील गोळी आहे. तिने तोंड फारसे कोरडे होत नाही, मात्र रक्तदाब फार वाढलेला असेल तर ती देत नाहीत. कोणत्याही गोळीचा पूर्ण परिणाम कळण्यास साधारण चार आठवडे लागतात. पाळी गेल्यानंतर योनिमार्ग कोरडा पडून आग होत असेल, तर तिथे लावण्याचे इस्ट्रोजेनचे मलम घाई कमी करण्यास मदत करते. ते अगदी अल्प मात्रेत असते आणि त्याच जागी काम करते. पोटात घेण्याच्या इस्ट्रोजेनने लघवी सुटणे उलट वाढू शकते, म्हणून दोन्ही एकच समजू नयेत. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मलमाचाही निर्णय त्या तज्ज्ञांना विचारूनच घ्यावा. गोळ्यांनीही न भागल्यास दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत बोटॉक्सची इंजेक्शने देता येतात. त्यांचा परिणाम काही महिने टिकतो आणि नंतर ती पुन्हा द्यावी लागतात. काही जणींना त्यानंतर काही काळ नळीने लघवी काढावी लागते, हे आधीच माहीत असलेले बरे.

प्रश्न: सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. महिन्याभरापासून त्यांची लघवी अंथरुणात होते, आणि त्या थोड्या गोंधळल्यासारख्याही वागतात. घरातले म्हणतात, वय झाले, आता डायपर लावा. मला ते मनाला पटत नाही.

उत्तर: आपल्याला पटत नाही ते योग्यच आहे. महिन्याभरात झालेला बदल वयाने झालेला नसतो. वय एका महिन्यात वाढत नाही. आधी कारण शोधावे. जंतुसंसर्ग, मल खडा होऊन अडकणे, मूत्राशय रिकामे न होता तुंबून ओसंडणे, आणि नव्याने सुरू झालेली एखादी गोळी, ही नेहमीची कारणे आहेत. सोनोग्राफीत लघवी करून आल्यानंतर आत किती उरते, हे मोजता येते आणि त्यावरून तुंबलेली लघवी लगेच कळते. घरातली गोळ्यांची पूर्ण पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करा. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेसाठी सहज घेतलेल्या गोळ्या, नैराश्य किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिली जाणारी एमिट्रिप्टिलीन, आणि मूत्राशय शांत करणाऱ्या ज्या गोळ्यांचा वर उल्लेख केला त्यांपैकी काही, या वयात मनाचा गोंधळ वाढवतात. एक सावधगिरी मात्र हवी. म्हातारपणी लघवीच्या तपासणीत जंतू सापडणे सामान्य आहे. ताप, आग किंवा तब्येतीत दुसरा काही बदल नसेल तर केवळ अहवाल पाहून प्रतिजैविके सुरू करू नयेत.

कधीकधी मूत्राशयाचा काही दोषच नसतो. गुडघे दुखतात, उकिडवे बसता येत नाही, संडास अंगणाच्या टोकाला आहे आणि रात्री दिवा नाही, एवढ्यानेच अंथरूण ओले होते. खाटेजवळ कमोडची खुर्ची, वाटेवर रात्रभर मंद दिवा, नेसायला सोपा गाऊन आणि दिवसा दर दोन-तीन तासांनी ‘चला, जाऊन येऊ’ असे आपण स्वतः म्हणणे, यांनी फरक पडतो. डायपर प्रवासात किंवा रात्री जरूर वापरा, पण ओला होताच बदला, त्वचा कोमट पाण्याने धुऊन हलके टिपून कोरडी करा आणि वर व्हॅसलीनचा पातळ थर लावा. पाळीचे पॅड लघवीसाठी वापरू नका. ते तेवढे ओले शोषत नाही आणि त्वचा सोलवटते. आणि त्यांच्यासमोर या विषयावर मोठ्याने चर्चा करू नका. गोंधळलेल्या माणसालाही लाज कळते.

प्रश्न: आम्ही शेतात काम करतो. वय ४५, चार बाळंतपणे. अंग बाहेर येते आणि ओझे उचलले की लघवी सुटते. तालुक्याच्या डॉक्टरांनी पिशवी काढून टाकायला सांगितली. काढली की दोन्ही त्रास जातील का?

उत्तर: गर्भाशय काढल्याने लघवी सुटणे थांबत नाही. लघवी सुटण्यावरचा तो उपचारच नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशये किती सहज काढली गेली, हे २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचले. त्यामुळे ‘पिशवी काढा’ हा सल्ला ऐकला की ‘कशासाठी?’ हा प्रश्न आपण विचारावाच, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. अंग, म्हणजे आधार सैल होऊन खाली उतरलेले गर्भाशय, फार बाहेर येत असेल तर योनिमार्गातून शस्त्रक्रिया करून सैल झालेला आधार पुन्हा बांधतात, आणि काही वेळा त्यात गर्भाशय काढणे योग्यही ठरते. पण खरे काम आधार बांधण्याचे असते. गर्भाशय ठेवूनही ते करता येते. नुसती पिशवी काढून आधार तसाच सोडला तर योनिमार्गच खाली उतरू शकतो.

शस्त्रक्रियेपूर्वी सिलिकॉनची कडी बसवून पाहता येते. तिला पेसरी म्हणतात. योग्य मापाची कडी आत जाणवतही नाही. दर तीन ते सहा महिन्यांनी ती काढून, तपासून, धुऊन पुन्हा बसवावी. विसरून वर्षानुवर्षे आत ठेवू नये. ओझे उचलताना श्वास रोखू नये. श्वास सोडत, तळाचे स्नायू आवळत उचलावे, आणि एका मोठ्या भाऱ्याऐवजी दोन लहान करावेत. हे मी खोलीत बसून सांगते आहे आणि मुकादम दोन खेपा करू देईलच असे नाही, याची मला जाणीव आहे.

व्यायाम नीट करूनही लघवी सुटत राहिली तर मूत्रमार्गाखाली पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया आहे. कृत्रिम जाळीची पट्टी १९९० च्या दशकात स्वीडनमध्ये उल्फ उल्म्स्टेन यांनी रूढ केली, आणि खोकल्या-शिंकेच्या प्रकारात बहुसंख्य स्त्रियांना तिने आराम पडतो. पण काहींना जाळी आत उघडी पडणे, सततची वेदना किंवा लघवीस अडथळा असा त्रास झाला. इंग्लंडमध्ये २०१८ मध्ये या जाळीचा वापर थांबवण्यात आला, आणि अंग बाहेर येण्यासाठी योनिमार्गातून बसवण्याच्या जाळीची विक्री अमेरिकेने २०१९ मध्ये बंद केली. स्वतःच्याच पोटाच्या आवरणाची पट्टी काढून ती बसवणे हाही पर्याय आहे. जाळी बसवणार असाल तर ती नंतर सहज काढता येत नाही, हे समजून घेऊनच संमती द्यावी. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे तेथील आरोग्यमित्रांना विचारावे.

प्रश्न: बहिणीचे दोन महिन्यांपूर्वी फार अडलेले बाळंतपण झाले. तेव्हापासून तिची लघवी रात्रंदिवस गळत राहते, झोपेतही. ती वास येतो म्हणून खोलीतून बाहेर येत नाही. व्यायामाने बरे वाटेल का?

उत्तर: नाही, आणि व्यायामात एकही दिवस घालवू नका. रात्रंदिवस गळत असेल तर मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडल्याची शक्यता आहे. बाळाचे डोके फार वेळ अडून राहिले की मधली भिंत रक्ताअभावी मरते आणि असे छिद्र पडते. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही ते होऊ शकते. मूत्राशयात निळा रंग सोडून केलेल्या सोप्या तपासणीत बहुधा ते समजते. लहान छिद्र लवकर सापडले तर काही आठवडे नळी ठेवून कधीकधी आपोआप भरते, नाहीतर शस्त्रक्रिया करावी लागते. पहिल्या शस्त्रक्रियेलाच यशाची संधी सर्वांत जास्त असते, म्हणून ज्यांचा या कामावर हात बसलेला आहे अशांकडेच, शक्यतो वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तिला न्यावे. तिने काही चुकीचे केलेले नाही आणि हे बरे होणारे आहे, ही दोन वाक्ये तिला आजच सांगा.

प्रश्न: डॉक्टर पुरुष आहेत. काय म्हणून सांगू? जीभच उचलत नाही.

उत्तर: मग बोलू नका, लिहून द्या. कागदावर एवढे पुरे: ‘खोकताना किंवा ओझे उचलताना लघवी सुटते’ किंवा ‘लागली की धरवत नाही’, कधीपासून, दिवसातून किती वेळा, आणि किती पॅड लागतात. सोबत तीन दिवसांची नोंदवही आणि चालू गोळ्यांची यादी. लघवीत रक्त दिसत असेल, लघवी होताना दुखत असेल, लघवी सुरूच होत नसेल, किंवा कंबरदुखीबरोबर मांड्यांमधला भाग बधिर वाटत असेल, तर ते सर्वांत वर लिहा आणि त्याच दिवशी दाखवा. पहिल्या भेटीत लघवीची आणि साखरेची तपासणी, खोकायला सांगून खालची तपासणी, आणि गरज वाटली तर सोनोग्राफी होईल. तपासणीच्या वेळी परिचारिका किंवा घरची बाई शेजारी असावी, असे मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. चिठ्ठी वाचून डॉक्टर ‘वय झाले’ एवढेच म्हणाले, तर तीच चिठ्ठी परत घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.